छातीवरचा हँडसेट, एसडब्ल्यूआर १.२, आणि तरीही आवाज पोचत नाही

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला सहा जणांचा ट्रेक-बचावाचा गट, सगळ्यांकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना, प्रत्येकाकडे ५ वॉटचा हँडसेट. १४५ मेगाहर्ट्झवर थेट, म्हणजे आवाज पुढे पाठवणाऱ्या मधल्या केंद्राशिवाय (रिपीटरशिवाय) बोलणं. हँडसेट छातीवरच्या पाऊचमध्ये. राजगड-तोरणा करताना पुढच्याचं मागच्याला ऐकूच जाईना. घरी येऊन मीटर लावला, तर पाऊचमधल्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.२, म्हणजे मीटरच्या मते सगळं उत्तम. मग आता तो घडीचा ‘टॅक्टिकल’ अँटेना घेऊन केबलने सॅकच्या पट्ट्यावर बांधावा का, केबल कुठली घ्यावी, आणि ८ वॉटचे हँडसेट घेतले तर काम भागेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर सगळ्यात स्वस्त आहे. नका घेऊ. ५ वॉटचे ८ वॉट केले की २ डेसिबल (शक्ती किती पट झाली याचं माप) वाढतात. ऐकणाऱ्याच्या कानाला ते कळणारही नाहीत, तुमच्या बॅटरीला मात्र कळतील. आणि छातीला चिकटलेला आखूड अँटेना सहज १० डेसिबल खातो. १० डेसिबल गेले म्हणजे ५ वॉटचा अर्धा वॉट उरला. गळक्या बादलीत नळ जोरात सोडण्यातला हा प्रकार आहे.

आता त्या १.२ कडे येऊ. तुमची सगळी गफलत तिथेच झाली आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येकाची एकदा तरी होते. माझीही झाली होती.

एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की हँडसेटने पाठवलेली शक्ती परत आली नाही. ती गेली कुठे, हे तो सांगत नाही. ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा, शक्तीची नुसती उष्णता करणारा रोध, लावून बघा. एसडब्ल्यूआर १.०, आणि थोड्याशा अंतरापलीकडे कोणाला काही ऐकू येणार नाही. माणसाचं शरीर हा मिठाच्या पाण्याने भरलेला, चांगला पाच-साडेपाच फुटी डमी लोडच आहे. हँडसेटबरोबर येणारा रबर डक हा पाव तरंगलांबीची तार गुंडाळून आखूड केलेला अँटेना. त्याचा विकिरण-रोध (लहर बनून बाहेर जाणाऱ्या शक्तीचा रोध) जेमतेम काही ओहम असतो. मोकळ्या हवेत त्यामुळे तो जरा बेसूरच असतो. तो छातीला टेकवला की शरीरात मुरणाऱ्या शक्तीचा रोध त्यात मिळवला जातो आणि बेरीज हँडसेटला हव्या असलेल्या ५० च्या आसपास येते. मीटर खूश होतो. त्या ५० ओहमपैकी किती विकिरणाचे आणि किती तुमच्या कातडीचे, ही फोड मीटर करत नाही. म्हणून अंगावर बांधल्यावर एसडब्ल्यूआर *सुधारला*, तर मला आनंद होत नाही, शंका येते.

भरीला, हँडसेटच्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर मीटर मध्ये घालून मोजताच येत नाही, निदान सरळपणे नाही. कारण पाव लांबीचा अँटेना हा अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा म्हणजे हँडसेटचा सांगाडा, त्याला धरणारा हात आणि हाताच्या मागचे तुम्ही. मध्ये मीटर आणि फूटभर केबल घातली की हा दुसरा अर्धा बदलला. तुम्ही मोजलात तो अँटेनाच वेगळा होता.

एवढं पटलं असेल तर पुढचं सगळं दोन गोष्टींवर चालतं: अँटेना शरीरापासून किती लांब आणि किती उंच, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग कोण आहे. केबलचा क्रमांक हा फार नंतरचा विषय.

उंचीचं आधी. सपाट जमिनीवर, दोन्ही बाजू जमिनीलगत असताना, ढोबळ मानाने अँटेनाची उंची दुप्पट केली की ६ डेसिबल मिळतात. छातीवरची १.२ मीटर उंची डोक्यावर १.८ मीटर केली, तर साडेतीन डेसिबल. तुमच्याकडे साडेतीन आणि समोरच्याकडे साडेतीन, मिळून ७. हे ५ वॉटचे २५ वॉट करण्यासारखं आहे, आणि यात शरीरात मुरणारी शक्ती वाचली ती धरलेलीच नाही. डोंगरावर जमीन सपाट नसते, त्यामुळे आकडे वेडेवाकडे होतात, पण दिशा हीच राहते.

म्हणून माझा पहिला सल्ला अँटेना हलवण्याचा नाहीच. अख्खा हँडसेट हलवा. सॅकच्या वरच्या टोपणाच्या बाजूला किंवा खांद्याच्या पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला पाऊच शिवून घ्या, हँडसेट त्यात उभा ठेवा म्हणजे अँटेना कानाच्या वर निघेल, आणि स्पीकर-माइक पुढे छातीवर लावा. माइकच्या वायरमधून फक्त आवाज आणि बटणाची खूण जाते. ती मीटरभर लांब असली तरी काही बिघडत नाही. रेडिओ लहरींची केबल लांबवण्यापेक्षा माइकची वायर लांबवणं केव्हाही सोपं, आणि त्यात नवा जोड एकही येत नाही. लक्ष्मी रोडला बॅगा दुरुस्त करणारा कोणीही असा खिसा शिवून देईल. मी माझा अप्पा बळवंत चौकामागच्या एका टपरीवर शिवून घेतला. शिवणाऱ्याने तीनदा विचारलं की एवढ्या वर खिसा लावून हात कसा पोचणार. हात पोचत नाही, हीच या पद्धतीची अडचण. चॅनेल बदलता येत नाही, आवाज कमी-जास्त करायला मागच्याला हाक मारावी लागते. म्हणून निघतानाच चॅनेल ठरवा, कीपॅडला कुलूप लावा, आणि ज्यावर आवाजाचं बटण आहे असा माइक घ्या. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत रात्रीची चाल मी अशीच करतो, आणि निम्म्या लोकांना याच्यापुढे काही करायची गरजच पडत नाही.

दुसरी गोष्ट, तो हरवलेला अर्धा भाग. हँडसेट हातात असताना हात आणि शरीर थोडंफार ते काम करतात. सॅकवर चढवला की तो एकटा पडतो. १४५ मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी २.०७ मीटर, तिचा पाव भाग ५१.७ सेंटीमीटर, आणि तारेसाठी पाचेक टक्के कमी धरले की ४९. तर ४९ सेंटीमीटर मऊ, अनेक पदरी इन्सुलेटेड वायर घ्या, एका टोकाला गोल टॅग लावा, आणि तो टॅग अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या *बाहेरच्या* धातूला टेकेल असा बसवा. आतल्या पिनेला तो चुकूनही लागता कामा नये. दुसरं टोक मोकळं सोडायचं. हॅम मंडळी याला वाघाची शेपटी म्हणतात. दिसायला गबाळं, खर्च वीस रुपयांच्या आत, आणि रबर डकला ती अनेकदा सहज जाणवेल इतका आवाज देते. सॅकवर ती बाहेरच्या बाजूने खाली सोडा, पाठीच्या बाजूने नको. दोरीत, हार्नेसच्या कॅरॅबिनरमध्ये अडकणार नाही एवढं पाहा. तिच्या टोकाला प्रसारणाच्या वेळी व्होल्टेज असतं, तेव्हा ते टोक उघडं ठेवू नका, श्रिंक ट्यूब चढवा.

यानंतरही कमी पडत असेल तर केबलने अँटेना वेगळा करण्याचा विचार करायचा. इथे लोक जे करतात ते आधी सांगतो. हँडसेट कमरेला, तिथून मीटरभर केबल, खांद्यावर तोच हँडसेटचा पाव लांबीचा अँटेना चिमट्याने अडकवलेला. अँटेना उंच गेला, मग आवाज का वाढत नाही? कारण त्याचा दुसरा अर्धा आता केबलची बाहेरची जाळी झाली आहे. ती जाळी तुमच्या पाठीवरून, घामट शर्टावरून खाली उतरते, आणि प्रवाह तिथेच खर्च होतो. याची लक्षणं ओळखायला सोपी. केबल हलवली की आवाज बदलतो. बटण दाबल्यावर माइकमध्ये गुरगुर येते, कधी बटण सोडलं तरी हँडसेट प्रसारणातच अडकून बसतो. मला एकदा ओठाला माइक लागून चटका बसला होता, तेव्हा मी दोष माइकला दिला आणि नवा आणला. नव्यानेही चटका दिला.

तेव्हा केबलने वेगळा करायचा असेल तर स्वतःचे दोन्ही अर्धे घेऊन येणारा अँटेना हवा, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा. घरी करायला सगळ्यात सोपा असा: बारीक आरजी-३१६ केबल घ्या. एका टोकाकडून ४९ सेंटीमीटरभर बाहेरचं आवरण आणि जाळी सोलून काढा, आतली तार तिच्या इन्सुलेशनसकट ठेवा. हा वरचा अर्धा. त्याच्या खालची पुढची ४९ सेंटीमीटर केबल तशीच. तिच्या जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग हा खालचा अर्धा. तो जिथे संपतो तिथे प्रवाह अडवायला ४३ नंबरच्या फेराइटचा क्लिप-ऑन (केबलभोवती मिटणारा चुंबकीय मालाचा ठोकळा) बसवा आणि केबलचे त्यातून मावतील तेवढे, चार-पाच वेढे घ्या. आरजी-३१६ अडीच मिलिमीटर जाडीची असल्याने ते मावतात. तिथून पुढे केबल हँडसेटकडे. वरचं टोक मुद्दाम जास्त ठेवून अर्धा-अर्धा सेंटीमीटर कापत जा. इन्सुलेशन अंगावर असल्याने ते ४९ च्या आतच कुठेतरी जुळतं. इथे नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना कुठे जुळतो ते दाखवणारं खिशातलं उपकरण, खरोखर कामाचा, पण तो अँटेना सॅकवर बांधून, सॅक भरून आणि *पाठीवर घेऊन* पाहा. टेबलावर जुळवलेला अँटेना पाठीवर बेसूर होतो. आणि नॅनोव्हीएनए लावलेला असताना हँडसेट त्याला जोडून बटण दाबू नका, तो जागच्या जागी जळतो. हेही मी अनुभवाने सांगतोय.

आधाराला तंबूच्या खांबाचा जुना तुकडा उत्तम, पण फायबरचा. ॲल्युमिनियमचा घेतलात तर अँटेनाला समांतर दुसरी धातूची काडी उभी केलीत. सॅकच्या बाहेरच्या बाजूला, पाठीपासून सर्वात लांब असलेल्या शिवणीवर हा तुकडा वेल्क्रोने बांधा, म्हणजे खालचा अर्धा पाठीपासून वीत-दीड वीत मागे राहतो आणि वरचा अर्धा डोक्याच्या वर निघतो. सॅक ही अँटेना आणि शरीर यांच्यातली मोकळी जागा समजा. पण मग तिच्यात काय भरलं आहे हेही बघावं लागतं. स्लीपिंग बॅग, मॅट, कपडे असतील तर छान. पाण्याची पिशवी पाठीच्या बाजूला असू द्या, अँटेनाच्या बाजूला नको. स्टोव्ह, पातेली, कॅरॅबिनरचा जुडगा आणि ती चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट अँटेनाच्या मागे आली की सगळा हिशेब बदलतो. ब्लँकेटवर ॲल्युमिनियमचा थर असतो हे बचावाच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

केबलच्या प्रकाराबद्दल तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत. एका मीटरला आरजी-१७४ असो वा आरजी-३१६, १४५ मेगाहर्ट्झवर घट अर्ध्या डेसिबलच्या आतच असते. हा वाद दहा मीटर केबलवाल्यांनी घालावा. मी आरजी-३१६ सुचवतो ती घटीसाठी नाही, ती सोल्डर करताना वितळत नाही आणि उन्हात आवरण मऊ पडत नाही म्हणून. फार तीव्र वळण मात्र तिलाही देऊ नका.

खरी भानगड कनेक्टरची. स्वस्त चिनी हँडसेटवर एसएमए हा छोटा, आट्यांचा कनेक्टर असतो, आणि बाहेर पिन की आत पिन हे ब्रँडनुसार उलटं असतं. तपकीर गल्लीत जाताना हँडसेट बरोबर न्या, नुसतं ‘एसएमए द्या’ म्हणू नका. दुकानदार देईल, आणि घरी आल्यावर कळेल की दोन्हीकडे पिन आहे किंवा दोन्हीकडे भोक. दुसरं म्हणजे एसएमए हा मुळात कपाटातल्या उपकरणांना एकदा जोडून विसरून जायचा कनेक्टर. साधारण ५०० वेळा जोडणं-काढणं एवढ्याच हिशेबाने तो बनवतात. त्यावर अर्धा मीटरचा डोलणारा अँटेना लावून कारवीच्या रानातून घुसलात, तर ५०० ची वाट बघावी लागत नाही. अँटेना नाही तुटत, हँडसेटच्या आतल्या बोर्डाचं सोल्डर उखडतं. म्हणून हँडसेटला बीएनसीचा (थोडं फिरवून अडकणाऱ्या कनेक्टरचा) अडॅप्टर कायमचा लावून ठेवा, अडॅप्टरच्या बुडाशी रबरी वॉशर घाला म्हणजे भार हँडसेटच्या अंगावर येईल, आणि केबल कनेक्टरपासून चार बोटांवर सॅकच्या पट्ट्याला झिप टायने पकडा. ओढ बसली तर ती पट्ट्याला बसावी. पावसाळ्यात जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. जाळीत एकदा पाणी शिरलं की ती केबल फेकायची, वाळवून उपयोग होत नाही.

आता तो घडीचा टॅक्टिकल अँटेना. मोजपट्टीसारखी पोलादी पट्टी, काळं आवरण, दिसायला एकदम फौजी. ही कल्पना खरोखर फौजेचीच. अमेरिकन सैन्याच्या पीआरसी-७७ संचाला अशीच तीन फुटी पट्टी असायची. पण तो संच ३० ते ७६ मेगाहर्ट्झचा. ३० मेगाहर्ट्झला पाव लांबीच अडीच मीटर होते, म्हणून तीन फुटात भागवणं ही नाइलाजाची तडजोड होती. शिवाय लांब काडी डोलवत जाणारा बिनतारीवाला शत्रूला लांबूनच दिसतो. सैनिकाला लपायचं असतं, तुम्हाला सापडायचं आहे. १४५ वर पाव लांबी अर्धा मीटरच आहे, तेव्हा त्यांची तडजोड उसनी घ्यायचं कारण नाही. तरी घ्यायचाच असेल तर घडी *उघडून* बोला. घडी घालून वेल्क्रोने बांधलेल्या अवस्थेत तो नुसता डब्यातला धातू असतो. आणि त्यालाही वाघाची शेपटी लागतेच.

लोक ४३५ मेगाहर्ट्झबद्दलही विचारतात. तिथे पाव लांबी १६-१७ सेंटीमीटर, म्हणजे पूर्ण मापाचा अँटेना खांद्यावर सहज मावतो, अंगावर बांधायला तो पट्टा कितीतरी सोयीचा. मिरवणुकीत, वारीत, जवळ-जवळच्या माणसांत मी तोच घेतो. पण शरीराची सावली तिथे गडद पडते आणि ओल्या झाडीत तो लवकर दमतो. धारेवरून धारेपलीकडे बोलायला १४५ बरा.

सावलीवरून आठवलं. अँटेना कुठल्या खांद्यावर, हे उतारावर ठरवायचं असतं. डोंगराला आडवं चालताना अँटेना दरीच्या बाजूला हवा. कातळाच्या बाजूला ठेवलात तर एकीकडून कातळ आणि दुसरीकडून तुमचंच डोकं. आणि बोलताना ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे अँटेना येईल असे वळा: छातीवर असेल तर तोंड करून, सॅकवर असेल तर पाठ करून. पाठ करून बोलणं माणसाला फार विचित्र वाटतं, सवय लागायला दोन ट्रेक जातात. अँटेना उभाच ठेवा. पाऊचमध्ये आडवा पडलेला अँटेना आडवं ध्रुवीकरण करतो, म्हणजे लहर आडवी कंपते, आणि समोरचा उभा ऐकत असतो. खुल्या मैदानात त्यात २० डेसिबलही जाऊ शकतात. डोंगरात परावर्तनामुळे थोडे परत मिळतात, पण त्यावर विसंबू नका.

चाचणीवर जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या पत्रात तीच नाही. मीटर आहे, खरेदीची यादी आहे, पण एकानेही दुसऱ्याला उभं करून ऐकलेलं नाही.

एक जण वेताळ टेकडीवर, दुसरा तळजईवर. पण समोरासमोर उभे राहून पूर्ण शक्तीने बोलू नका. एफएमची खोड अशी की सिग्नल पुरेसा झाला की खरखर संपते, आणि त्यापुढे दहापट जोर असला तरी कानाला तसाच लागतो. चांगला आणि वाईट अँटेना दोन्ही ‘एकदम क्लिअर’ ऐकू येतात, आणि मंडळी खूश होऊन वडापाव खायला जातात. फरक कळतो तो काठावर. म्हणून कमी शक्तीवर बोला, आणि ऐकणाऱ्याला टेकडीच्या पलीकडच्या उतारावर उतरवत न्या, जिथे आवाजात खरखर मिसळायला लागेल तिथे थांबवा. आता बोलणाऱ्याने एका जागी उभं राहून आठ दिशांना वळायचं आणि प्रत्येक दिशेला तिचा आकडा म्हणायचा: एक, एक, एक... दोन, दोन, दोन. ऐकणाऱ्याने फोनवर रेकॉर्ड करायचं. तुमच्या शरीराची सावली त्या रेकॉर्डिंगमध्ये अक्षरशः ऐकू येते. छातीवरच्या रबर डकने घेतलेल्या माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये चार आणि पाच हे आकडे नव्हतेच.

एक काळजी घ्या. इमारती आणि कातळांवरून परावर्तन होऊन सिग्नल जागोजागी वर-खाली होतो, आणि १४५ वर या उंचवट्या-खड्ड्यांतलं अंतर साधारण मीटरभर असतं. एका पावलात चांगला अँटेना वाईट वाटू शकतो. म्हणून प्रत्येक मांडणी चार-पाच पावलं पुढे-मागे सरकून तपासा. हीच चाचणी सॅक भरून करा, आणि जमल्यास पावसाळी जॅकेट घालून. आणि मांडण्यांची तुलना करताना ऐकणाऱ्याला कुठली मांडणी चालू आहे हे सांगू नका. महागडा अँटेना लावला आहे असं कळलं की माणसाला जास्त ऐकू येतं.

राजगड-तोरण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरून बुधला माचीकडे जाताना पुढचा आणि मागचा यांच्यामध्ये धारेचे उंचवटे येतात. तिथे तुम्ही डोक्यावर काहीही बांधलंत तरी डोंगरातून लहर आरपार जात नाही. कड्याच्या धारेवरून थोडी वाकते, तेवढंच. तिथे लागतो माणूस. सहांपैकी एकाने उंचवट्यावर थांबून निरोप इकडून तिकडे द्यायचा, शेवटचा पुढे सरकला की त्यानेही सरकायचं. बचावकार्यात मी निम्म्या वेळा हाच माणूस असतो, आणि ते काम कंटाळवाणं आहे.

जोखमीचं थोडं. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात आभाळ गडगडायला लागलं की डोक्यावरची काडी खाली, लगेच, वाक्य अर्धं राहिलं तरी. उच्चदाबाच्या तारांखालून जातानाही तेच. अँटेनाच्या टोकावर मऊ गोळी चढवा, मागून येणाऱ्याचा डोळा नेमका त्याच उंचीवर असतो. गटात कोणाला पेसमेकर असेल तर छातीवरचा हँडसेट त्याला देऊच नका, आणि त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इतर कुठला संचही नको. बोलणं आटोपशीर ठेवा, जवळ असाल तर कमी शक्तीवर बोला. अँटेना मानेला किंवा गालाला टेकवून प्रसारण करू नका.

परवाने सगळ्यांकडे आहेत हे लिहिलंत ते बरं केलंत. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हे हॅमचं क्षेत्र, तिथे घरी केलेला अँटेना लावायला मुभा आहे. बिनपरवाना मित्राच्या हातात ‘आजच्या दिवस’ म्हणून संच देऊ नका. सिंहगडाकडे जाताना खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीपाशी खांद्यावर काळा अँटेना लावून फोटो काढत थांबू नका, तिथल्या पहारेकऱ्याला तुमचा कॉलसाइन ठाऊक नसतो. आणि जुन्नरकडे नारायणगडाला जाणार असाल तर खाली खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांचा एक पट्टा १२० ते २५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे तुमचा १४५ त्यांच्याच पट्ट्यात. तिकडे गडावर गप्पा तोंडाने मारा, हँडसेट अडचणीपुरता.

तर खरेदी. आत्ता सहा जणांसाठी सहा अँटेना घेऊ नका. सहाही जणांना वरचा खिसा, माइक आणि वाघाची शेपटी. आधी वेताळ टेकडीची चाचणी एवढ्यावरच करा. त्यानंतर अर्ध्या लांबीचे दोनच बनवा, एक पुढच्याला आणि एक मागच्याला. मधले चौघे एकमेकांच्या नजरेत असतात. उंचवट्यावर थांबणाऱ्यासाठी तिसरा वेगळा करा, सॅकवर बांधायचा नाही, रिबन केबलचा (टीव्हीच्या जुन्या चपट्या दुहेरी तारेचा) गुंडाळून खिशात मावणारा जे-पोल अँटेना. तो झाडाला किंवा काठीला टांगता येतो, आणि थांबलेल्या माणसाने अँटेना अंगावर ठेवायचं कारणच काय? जुने रबर डक प्रत्येकाच्या सॅकच्या टोपणात राहू द्या. माझी केबल एकदा बोपदेव घाटावरच्या सरावात काटेरी झुडपात अडकून कनेक्टरपासून उपटली गेली, आणि उरलेला दिवस मी त्या बुटक्या डकवर आणि वीस रुपयांच्या शेपटीवर काढला. सगळ्यांना ऐकू येत होतं.